बेल्लोत्तोची वॉर्सा-दृश्ये : कलाकृती आणि ऐतिहासिक साधन

नगरदृश्याच्या चित्रात तपशील जितके विपुल, तितके ते इतिहासाचे साधन म्हणून विश्वसनीय, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. त्याच्या समर्थनार्थ बर्नार्दो बेल्लोत्तो या चित्रकाराच्या वॉर्सा-चित्रांचा दाखला दिला जातो. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले वॉर्सा शहर या चित्रांवरून पुन्हा उभारले गेले, असे म्हटले जाते. या विधानात तथ्य आहे. मात्र त्याच्या मर्यादा पाहणे आवश्यक आहे.

व्हेनिसचा प्रसिद्ध नगरचित्रकार कानालेत्तो याचा बेल्लोत्तो हा भाचा व शिष्य. ड्रेस्डेन, व्हिएन्ना इत्यादी नगरांची चित्रे काढून तो १७६७ मध्ये वॉर्साला आला आणि राजा स्तानिस्वाव आउगुस्त पोनियातोव्स्की याचा दरबारी चित्रकार झाला. १७८० मध्ये तेथेच त्याचे निधन झाले. राजवाड्यातील एका दालनासाठी त्याने रंगविलेल्या मालिकेतील बावीस चित्रे आज तेथे आहेत. त्यांत चर्च, वाडे व रस्ते यांच्याबरोबरच घोडागाड्या, विक्रेते, भिकारी, तसेच पारंपरिक पोलिश आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही वेशांतील माणसे दिसतात. समाजजीवनाच्या अभ्यासकाला ही सामग्री मोलाची वाटावी, हे स्वाभाविक आहे.

परंतु ही चित्रे राजाश्रयातून निर्माण झाली आहेत. कोणते स्थळ निवडावे, ते कोठून पाहावे, प्रकाश कोठे पडावा, हे सारे निर्णय चित्रकाराचे आणि त्याच्या आश्रयदात्याचे. पोनियातोव्स्कीच्या १७६४ मधील राजनिवडीचे चित्र तर बेल्लोत्तोने १७७८ मध्ये रंगविले. ती घटना घडली तेव्हा तो वॉर्सात नव्हताच. तपशिलांची गर्दी ही प्रत्यक्षदर्शित्वाची खूण नव्हे, याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

१९४४ च्या उठावानंतर जर्मन सैन्याने शहराचा पद्धतशीर विध्वंस केला. जुन्या नगराचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. पुनर्रचनेत बेल्लोत्तोच्या चित्रांचा उपयोग झाला, तो मुख्यतः त्याने रंगविलेल्या क्राकोव्स्की प्शेदमिएश्चे, मिओदोवा यांसारख्या रस्त्यांवरील वास्तूंसाठी. जुन्या नगरातील बाजारचौक त्याच्या मालिकेत नाही. तेथे युद्धपूर्व काळात वास्तुशास्त्राच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी केलेली मोजमापांची रेखाटने आणि छायाचित्रे हाच मुख्य आधार होता. १९८० मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या या नगराचे श्रेय एकट्या चित्रकाराला देणे म्हणजे या परिश्रमांवर अन्याय करणे होय.

येथे पद्धतिशास्त्रीय अडचणही उद्भवते. ब्रानित्स्की वाड्याच्या माथ्यावरील शिल्पे चित्राच्या आधारे पुन्हा घडविण्यात आली. आज वाडा चित्राशी जुळतो; पण त्यावरून चित्राची यथार्थता सिद्ध होत नाही, कारण चित्र हेच त्या वाड्याचे साधन आहे. शिवाय अनेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकातील फेरफार वगळून अठराव्या शतकातील रूप पुनःस्थापित करण्यात आले. म्हणजे चित्राने शहराची स्मृती जपली आणि त्याचबरोबर कोणती स्मृती जपावी हेही काही अंशी ठरविले.

बखरीच्या साधनमूल्याची चर्चा परिचित असलेल्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. चित्र असो वा ग्रंथ, इतर साधनांशी ताडून पाहिल्यावरच त्याची साक्ष ग्राह्य ठरते. मात्र जेथे ही साक्ष वास्तवापासून ढळते, तेथेही तिचे मूल्य संपत नाही. आपले नगर कसे दिसावे अशी एका राजाची व त्याच्या काळाची आकांक्षा होती, याची ती विश्वसनीय नोंद असते.