लेकीला खाडीवर नेताना

लोणी काळभोर

चि. नीलेश,

दिवाळीच्या सुट्टीत मुक्ताला घेऊन आंजर्ल्याच्या खाडीवर जाणार आहेस, असं ताईने सांगितलं. फार आनंद झाला. आपल्या गावाजवळून मुळा-मुठा वाहते, पण पोरीला तिच्या पाण्यात उतरवावं अशी ती राहिलेली नाही. आपल्या राजबागेत जहाजावरचे अधिकारी घडवणारी ‘मॅनेट’ ही संस्था आहे, तरी आपल्या मुलांनी भरती-ओहोटी फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेली. म्हणून जरूर जा. फक्त जाण्याआधी मामाचं थोडं ऐक.

तू दिवस रजा बघून ठरवलास. खाडीवर दिवस ठरतो तो तिथी बघून. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरती साधारण किती वाजता पूर्ण होईल ते कळतं. तुम्ही अष्टमीला तिथे असाल. आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी हे सगळं पाऊण तासाने पुढे सरकतं. हा हिशेब मुक्तालाच करू दे. नेमकी वेळ मात्र तिथल्या कोळ्याला विचार आणि तो सांगेल तेच खरं धर. अष्टमीला भांग असतो, पाण्याला उधाणाची ओढ नसते. नऊ वर्षांच्या मुलीसाठी हाच दिवस चांगला. पौर्णिमा-अमावास्येला तिला पाण्यात उतरवू नकोस.

सकाळी पाणी उतरत असताना आधी कोळंबीच्या मागे लागा, कारण दुपारनंतर गळाला लावायला तीच लागेल. पागाचं जाळं फेकणं एका सकाळीत येत नाही. ज्याचा हात बसलेला आहे त्यालाच फेकू दे, त्याच्या श्रमाचे पैसे दे, आणि तुम्ही दोघं बादली घेऊन मागे राहा. जाळ्यातलं निवडायचं काम मुक्ताकडे सोपव. ते करताना तिला कोळंबीचा प्रवास सांग. मोठी पांढरी कोळंबी अंडी घालते ती समुद्रात. पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, कांदळवनाच्या मुळांत काही महिने वाढतात आणि मग ओहोटीबरोबर परत समुद्राकडे निघतात. म्हणजे तुमच्या बादलीत आलेली छोटी कोळंबी अर्ध्या वाटेवरची आहे. ती लगेच पाण्यात सोडायला लाव, हातात तडफडतेय तोवरच. जवळा ही कोळंबीची पिल्लं आहेत असं आपल्याकडे पुष्कळ जण समजतात. ती जातच वेगळी आणि तेवढीच राहते. हा फरक मुक्ताला एकदा हातावर घेऊन दाखव.

लहान मासा गळाला लागला तरी नियम तोच. २०२३ मध्ये पापलेट आपला राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते, तीही माशांच्या विणीसाठीच. ज्यांचं पोट यावर आहे ते दोन महिने हात आवरतात, मग हौसेने गेलेल्यांनी तर तो नक्कीच आवरावा.

शिंगाळा माशाबद्दल बजावून सांगतो. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असा काटा असतो, तो विषारी आहे. गळातून शिंगाळा तू सोडव, मुक्ताला हात लावू देऊ नकोस. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून धर, त्या विषाचा जोर उष्णतेने उतरतो. मग डॉक्टरकडे जा. कालवांनी तळवे चिरतात, तेव्हा बूट घालूनच चिखलात उतरा. होडीत बसलात तर मुक्ताच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच, होडीवाला काही म्हणो. कुणाच्या डोल जाळ्याच्या खुंटांना होडी बांधू नका आणि जाळ्याजवळ गळ टाकण्याआधी विचारा. ती कोळ्यांची शेती आहे.

दुपारी मुक्ता कंटाळेल. शिंपले वेचत बसेल, निवट्या माशांच्या मागे धावेल, गळाकडे बघणारही नाही. बघू दे तिला काय बघायचंय ते. तू शहाणा बाप आहेस, पण हातात गळ आला की हट्टाला पेटतोस, हे मला माहीत आहे. तिने ‘चला’ म्हटलं की गुंडाळ.

आणि काहीच लागलं नाही तर संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर लिलाव असतो, तिथे जा. मुक्ताला भाव ऐकू दे, मासे विकणाऱ्या बायकांकडून कोळंबीचा एक वाटा घेऊ दे. पण घरी आल्यावर तो विकत घेतला म्हणूनच सांग. पोरीच्या देखत ‘आम्ही पकडली’ म्हणू नकोस.

तुझा,
मामा