समुद्रतळाचें गांडूळ : समुद्रकाकडी

गांडूळ जमिनीचा कस वाढवितें, हें वाचक जाणतातच. तेंच काम समुद्राच्या तळाशीं समुद्रकाकडी करिते. नांव काकडी असलें तरी ती वनस्पति नव्हे. तारामाशाच्या कुळांतील प्राणी आहे. भारतांत तिची मोठी वस्ती तमिळनाडूच्या किनाऱ्यास, मन्नारच्या आखातांत व पाल्कच्या उपसागरांत आहे. तेथील कोळी तिला ‘कडल अट्टै’, म्हणजे समुद्रजळू, म्हणतात. पण ती कोणाचें रक्त पीत नाहीं.

ती उथळ पाण्यांत, समुद्रगवताच्या कुरणांत राहते. तोंडाभोंवतालच्या शुंडांनीं वाळू-चिखल गिळते, त्यांतील कुजका अंश पचविते व स्वच्छ वाळू मागें टाकिते. तिच्या उकरण्यानें तळ भुसभुशीत राहतो, आणि तिच्या उत्सर्गांतील नत्र गवतास मिळतें. श्वास मात्र ती गुदद्वारानें घेते! शत्रूनें गांठल्यास कांहीं जाती आपलीं आंतडींच बाहेर फेंकतात व पुढें नवीं तयार करितात.

नर-मादी आपलें बीज पाण्यांत मोकळें सोडतात. मादी लाखों अंडीं सोडते, पण जवळ नर नसल्यास तीं फुकट जातात. म्हणून विरळ झालेली वस्ती सहसा भरून येत नाहीं. उकडून वाळविलेला माल पूर्वी सिंगापूर-हाँगकाँगकडे जाई. शेताची आणेवारी काढतां येते, समुद्रतळाची कोण काढणार? अखेर २००१ सालीं सरकारनें ती धरण्यास बंदी केली. पलीकडे श्रीलंकेंत परवान्यानें धंदा चालतो, आमचा मात्र बुडाला, ही कोळ्यांची तक्रार अगदींच निराधार नव्हे. तुतिकोरिन येथें १९८८ सालींच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें हौदांत तिचीं पिलें निपजविलीं आहेत.