अन्यायाशीं व्यापार

एखादा दुकानदार आपल्या गड्यांना छळतो हें ठाऊक असूनहि, माल स्वस्त मिळतो म्हणून त्याच्याच दुकानीं जाणें योग्य काय? प्रश्न घरगुती दिसतो. परंतु राष्ट्रांपुढेंहि तोच उभा राहतो. दक्षिण आफ्रिकेच्या बाबतींत जगानें त्याचें उत्तर कसें दिलें, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं अभ्यासण्याजोगें आहे.

त्या देशांत कृष्णवर्णी लोक बहुसंख्य. तथापि १९१३ च्या कायद्यानें त्यांच्यासाठीं सुमारें ७ टक्केच जमीन राखून ठेविली, व १९३६ मध्यें ती मर्यादा सुमारें १३ टक्के झाली. १९४८ सालीं नॅशनल पक्ष अधिकारारूढ झाल्यावर ‘अपार्थाइड’, म्हणजे वर्णभेदाचें धोरण, राज्याचें अधिकृत धोरण झालें. कोणीं कोठें राहावें, कोणाशीं विवाह करावा, काय शिकावें, हें कातडीच्या रंगावरून ठरूं लागलें. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यामुळें मिशनच्या पुष्कळ शाळा सरकारच्या हातीं गेल्या अथवा बंद पडल्या. त्या कायद्याच्या निषेधार्थ डेस्मंड टुटू या तरुण शिक्षकानें नोकरी सोडली. हेच पुढें केपटाऊनचे आर्चबिशप झाले.

अशा राज्याशीं व्यापार थांबविण्याचा पहिला मान आपल्या देशाकडे जातो. तेथील भारतीयांचे जमिनीचे हक्क संकुचित करणारा कायदा १९४६ त होतांच हिंदुस्थान सरकारनें, स्वातंत्र्यापूर्वींच, व्यापार बंद केला. १९६२ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें सर्व राष्ट्रांस तसेंच करण्याची विनंति केली. परंतु विनंति म्हणजे कायदा नव्हे; ज्यांचा व्यापार मोठा, तीं राष्ट्रें मागेंच राहिलीं.

म्हणून हा प्रश्न कायदेमंडळांत न्यावा लागला. अमेरिकेंत रॉन डेलम्स या सभासदानें १९७२ पासून निर्बंधांचा पाठपुरावा केला. पाळक, विद्यार्थी व मजूरसंघ आपल्या प्रतिनिधींकडे हीच मागणी करीत राहिले. चौदा वर्षांनीं, १९८६ त, विधेयक मंजूर झालें. अध्यक्ष रेगन यांनीं तें नाकारलें. तेव्हां प्रतिनिधिसभेनें ३१३ विरुद्ध ८३ व सिनेटनें ७८ विरुद्ध २१ मतांनीं त्यांचा नकार रद्द केला. या कायद्यानें नवी भांडवलगुंतवणूक, तसेंच दक्षिण आफ्रिकेचा कोळसा, पोलाद, युरेनियम व कापड यांची आयात बंद झाली. मंडेला व इतर राजबंदी मुक्त करणें, ही निर्बंध उठविण्याची एक अट होती.

येथें एक गंभीर आक्षेप येतो. खाणी व कारखाने बंद पडल्यास उपाशी कोण मरेल? गरीब मजूरच. वर्णभेदाशीं जन्मभर झगडणाऱ्या श्वेतवर्णी सभासद हेलन सुझमन यांचेंहि मत निर्बंधांविरुद्ध होतें. हा आक्षेप टाळूं नये. मात्र त्याचें उत्तर देण्याचा अधिकार पीडितांचा. आणि त्यांच्यापैकीं आल्बर्ट लुथुली यांनीं तें १९५९ तच दिलें होतें. हे एके काळीं मिशनच्या ॲडम्स कॉलेजांत शिक्षक होते. बहिष्काराची झळ आपल्याच लोकांना लागेल हें त्यांनीं कबूल केलें. तरी रक्तपात त्यामुळें लवकर थांबत असेल, तर ती सोसण्याची तयारी दाखविली. दुसऱ्याच्या उपवासाचा निर्णय आपण परस्पर घेणें हें क्रौर्य. परंतु त्यानें स्वतः मागितलेली मदत त्याच्याच उपवासाची सबब सांगून नाकारणें, हा ढोंगीपणा होय.

१९९० सालीं मंडेला सुटले, १९९१ त मुख्य वर्णभेदी कायदे रद्द झाले, व एप्रिल १९९४ मध्यें सर्व वर्णांच्या लोकांनीं एकत्र मतदान केलें. याचें श्रेय प्रथम तेथील जनतेच्या लढ्याला; निर्बंधांनीं त्या लढ्यास बाहेरून बळ दिलें.

आमोस संदेष्ट्यानें खोटी तागडी धरणाऱ्यांची व गरिबांस विकत घेणाऱ्यांची निर्भर्त्सना केली. कारण देवाला बाजाराचाहि हिशेब द्यावा लागतो. ज्यांना मताचा अधिकार आहे अशा पालकांनीं आपल्या प्रतिनिधीस विचारावें: ज्या राज्याशीं आपला देश व्यापार करतो, तें राज्य आपल्या दुर्बळ प्रजेस कसें वागवितें? आणि विद्यार्थ्यांनीं हा प्रश्न विचारण्याची संवय आतांपासूनच लावून घ्यावी.