आता रात्रभर नाचवत नाही

प्रश्न : २००७ साली कांदोळीला पहिला सनबर्न संगीत महोत्सव झाला, तेव्हापासून आमचा ग्रुप जमेल त्या डिसेंबरात गोव्याला जातो. आता चाळिशी आली. आफ्टरपार्टीत बारा वाजले की डोळे मिटतात, परतल्यावर दोन दिवस कानात शिट्टी वाजते. नाही म्हटलं तर मित्र दुरावतील. हे नैराश्य तर नाही ना?

उत्तर : इतर गोष्टींत मन रमत असेल, तर तसं वाटत नाही. विशीनंतर शरीराचं घड्याळ हळूहळू अलीकडे सरकतं, गाढ झोपही कमी होते. जागरण पूर्वीसारखं दुपारच्या डुलकीत भरून निघत नाही.

मला काळजी वाटते ती कानांची. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसू शकतात. १०० डेसिबलला ही मर्यादा १५ मिनिटांतच संपते. दोन दिवस शिट्टी वाजणं साधं नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्याच. पुढे कधी गेलात, तर इअरप्लग घाला, स्पीकरपासून लांब उभे राहा.

मित्रांना सरळ सांगा : गोव्याला येतो, दुपारभर हणजूणच्या किनाऱ्यावर बसू, जेवायलाही आहे, आफ्टरपार्टीला नाही. आणि जागं राहायला कुणी गोळी पुढे केली, तर हातही लावू नका. उकाड्यात तासन्‌तास नाचताना तिने अंगातली उष्णता जिवावर बेतेल इतकी वाढू शकते.