तळ्याच्या दोन्ही काठांवर बसलेले वडील

शास्त्रपाठ : 2 शमुवेल 2 : 12–32



हैदराबादेतील आपल्या शब्बाथशाळेची मोठी मुले फोनवर एका जातीचे सिनेमे आवडीने पाहतात. ‘हंगर गेम्स’ (2012) या चित्रपटात 12 प्रांतांतून प्रत्येकी एक मुलगा व एक मुलगी निवडतात. वय 12 ते 18. या 24 जणांनी एकमेकांस मारावयाचे आणि एकानेच जिवंत परतावयाचे. राजधानीतील लोक हे करमणूक म्हणून पाहतात. जपानी ‘बॅटल रॉयल’मध्ये (2000) शाळेचा सबंध वर्गच बेटावर असा सोडला जातो.

लहान मुलांनी हे पाहू नये, असे आम्हांसही वाटते. परंतु मोठ्या मुलांना नुसते “पाहू नका” म्हणून भागणार नाही, कारण हीच गोष्ट पवित्र शास्त्रातही आहे.

1. खेळ कोणी मांडला? गिबोनाच्या तळ्याच्या एका काठावर अबनेर व दुसऱ्यावर यवाब बसला. तरुणांनी आपल्यापुढे खेळावे असे अबनेराने सुचविले; यवाबाने होकार दिला. इकडून 12, तिकडून 12, येथेही 24च! त्या तरुणांचे आपसांत वैर असल्याचे शास्त्र सांगत नाही. वैर काठावर बसलेल्यांचे होते.

2. जिंकले कोण? कोणीच नाही. चोवीसही जण एकदम पडले. मग लढाई पेटली. असाएल मेला, त्याच्या बाजूचे आणखी 19 व अबनेराचे 360 पुरुष पडले.

3. थांबविले कोणी? ज्यांनी मांडला त्यांनीच. अबनेराने हाक मारली, यवाबाने रणशिंग फुंकले. पण तोवर सूर्य मावळला होता.

‘बॅटल रॉयल’चे दिग्दर्शक किंजी फुकासाकू 1945 साली 15 वर्षांचे असून शस्त्रांच्या कारखान्यात कामास होते. माऱ्यात मेलेल्या सोबत्यांची प्रेते वाचलेल्या मुलांनाच उचलावी लागली. वडीलधाऱ्यांनी आपल्याला फसविले, हे ते विसरले नाहीत. म्हणून त्यांचा सिनेमा मुलांवर नव्हे, मोठ्यांवर बोट ठेवतो.

आता आपल्या शहराकडे पाहू. एप्रिल 2019 मध्ये तेलंगणातील इंटरमीजिएटचा निकाल लागला, आणि त्यानंतरच्या दिवसांत वीसच्या आसपास मुलामुलींनी आपले जीवन संपविले. पुढे निकालातच चुका असल्याचे उघड झाले. येथे तलवार नव्हती. परंतु रँकचा खेळ कोण मांडतो? उपासनेनंतर अंगणात “तुमच्या मुलाला किती? आमच्याला इतके” असे आपणच म्हणतो. आम्हीही म्हटले आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाची मान खाली गेलेली पाहिली आहे. काठावर बसून पाहणारे आपणच आहोत. शेजारच्या मुलाला पाडून आपला मुलगा उभा राहावा, अशी प्रार्थना देवापुढे कशी न्यावी?

मूल खचलेले दिसल्यास त्याला एकटे सोडू नये. जवळ बसावे, त्याचे ऐकून घ्यावे, पाळकांची व डॉक्टरांची मदत त्वरित घ्यावी.

वर्गात चर्चेसाठी :
(अ) बारांपैकी एकाने “आम्ही खेळणार नाही” म्हटले असते तर?
(आ) वडील माणसांनी तुमच्यात कोणती स्पर्धा लावली आहे? (शिक्षकांनी येथे फक्त ऐकावे.)
(इ) मागे पडलेल्या सोबत्यासाठी या आठवड्यात आपण काय करू?

रणशिंग आपल्याच हाती आहे. ते सूर्य मावळण्यापूर्वी फुंकण्याची सुबुद्धी प्रभू आपणांस देवो.