कांद्याचे अंतरंग

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कांद्याच्या राशी लागतात. कांदा मातीत वाढतो, म्हणून त्याला मूळ समजू नये. तो उभा चिरून पाहा. तळाशी दिसणारी चकती हे त्याचे खोड. तिच्याखालचे तंतू ही मुळे. आणि एकावर एक बसलेले मांसल पापुद्रे म्हणजे अन्नाने भरलेले पानांचे तळभाग होत.

पापुद्र्याची आतील पातळ त्वचा सोलून, आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळा. विटांप्रमाणे रचलेल्या पेशी व प्रत्येकीतील केंद्रक दिसेल.

काढणीनंतरही या पेशी जिवंत असतात. कांद्याची मान व बाहेरची साल नीट वाळली, तरच त्या सुरक्षित राहतात. ओल्या मानेतून रोग शिरून कांदा सडतो. म्हणून शेतकरी कांदा सुकवूनच चाळीत भरतो. त्याच्या श्रमांचे मोल त्या पातळ सालीवर अवलंबून असते.