तेलातील सुटे आम्ल आणि जैव डिझेलची रसायनक्रिया

१९०० साली पॅरिस येथील प्रदर्शनात डिझेलचे एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. मग तेल जसेच्या तसे इंजिनात का घालू नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. अडचण आहे ती दाटपणाची. तेल हे डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते. ते बारीक तुषारांत नीट उडत नाही, अर्धवट जळते व इंजिनात काजळीची पुटे साचतात. जैव डिझेलची सारी रसायनक्रिया हा दाटपणा मोडण्याकरिताच आहे.

तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या दांड्यास जखडलेल्या मेदाम्लाच्या तीन साखळ्या होत. त्यात मिथेनॉल मिसळून थोडा कॉस्टिक सोडा उत्प्रेरक म्हणून घातला, म्हणजे एकेक साखळी ग्लिसरीनला सोडून मिथेनॉलशी जोडली जाते. हे जे मेथिल एस्टर निर्माण होते, तेच जैव डिझेल. हिशेब आपल्या वहीतल्यासारखाच चोख आहे : १०० किलो तेलास सुमारे ११ किलो मिथेनॉल लागते, आणि सुमारे १०० किलो एस्टर व दहा किलोंहून किंचित अधिक ग्लिसरीन हाती येते. मात्र ही क्रिया उलटही फिरू शकत असल्याने मिथेनॉल हिशेबाच्या दुप्पट घालतात व उरलेले परत काढून घेतात. मिथेनॉल सुमारे ६५ अंशांवर उकळते, म्हणून मिश्रण ६० अंशांच्या आसपास ठेवतात. पुढे जड ग्लिसरीन तळाशी बसते, एस्टर वर राहते. मिथेनॉल अत्यंत विषारी व ज्वालाग्राही आहे. हौसेखातर घरी करून पाहण्याचा हा प्रयोग नव्हे.

ही कल्पना नवी नाही. ब्रुसेल्स विद्यापीठातील शाव्हान यांना पामतेलाच्या एथिल एस्टरचे पेटंट १९३७ साली मिळाले होते, आणि पुढील वर्षी त्या इंधनावर ब्रुसेल्स ते लूव्हें अशी बसही धावली.

आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरी मेख. कढईत ओला जिन्नस पुनःपुन्हा तळला की पाण्याच्या योगाने तेलाच्या काही साखळ्या तुटून सुट्या होतात. हेच सुटे मेदाम्ल. बाजारात त्यास ‘एफ.एफ.ए.’ म्हणतात. कॉस्टिक सोडा त्यास गाठताच साबण बनतो. समजा, १०० किलो जुन्या तेलात ५ किलो सुटे आम्ल आहे. तेवढेच सुमारे ७०० ग्रॅम कॉस्टिक गिळून टाकील व पाच किलोंहून अधिक साबण तयार होईल. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. तो साबण एस्टर व ग्लिसरीन यांस एकमेकांत धरून ठेवतो, थर सुटत नाहीत आणि चांगला मालही फेसाबरोबर वाया जातो. करंजाचे तेल जुने झाले की त्यातही हाच दोष आढळतो.

धान्याचा ओलावा आपण दाणा दाताखाली फोडून ओळखतो. येथे ती विद्या चालत नाही. तेलाचा तोललेला नमुना अल्कोहोलात मिसळून, फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब घालून, ठराविक तीव्रतेचे क्षार-द्रावण गुलाबी छटा टिकेपर्यंत सोडतात. किती द्रावण लागले त्यावरून आम्ल कळते. पाण्याची परीक्षा निराळी करावी.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील ध्रुवीय घटकांची मर्यादा २५ टक्के ठरविली. त्यापुढचे तेल खाण्यात वापरता येत नाही. ते जैव डिझेलकडे वळविण्याची योजनाही त्याच वर्षी आली. शेव-फरसाणाच्या मोठ्या बाजारपेठांत या तेलास त्यामुळे गिऱ्हाईक आहे. परंतु ध्रुवीय घटकांचा आकडा म्हणजे आम्लाचा आकडा नव्हे, हे सौदा करताना ध्यानी ठेवावे.

सुटे आम्ल दोन-तीन टक्क्यांपलीकडे गेले तर कारखानदार बहुधा आधी गंधकाम्ल व मिथेनॉल घालून त्या आम्लाचेच एस्टर करून घेतो. त्यात पाणी सुटते, ते काढावे लागते, आणि मगच कॉस्टिकची पाळी येते. हा वाढीव खर्च तो आपल्या पदरचा सोशीत नाही. पिंपाच्या भावातून वजा करतो.